दोन टोकांच्या भाषा : चिनी–स्लोव्हाक तुलना कुठवर आली?

‘मी काल आले’ एवढे कानावर पडले, की बोलणारी बाई आहे हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. स्लोव्हाकमध्येही तसेच आहे. ‘फ्चेरा सोम प्रिश्ला’ म्हणणारी स्त्री आणि ‘फ्चेरा सोम प्रिशिएल’ म्हणणारा पुरुष. चिनीत मात्र ‘वो त्सुओथ्येन लाय ल’ म्हणणारे कोण, हे वाक्यावरून कळत नाही. बोलणारे एक असोत की दहा, स्त्री असोत की पुरुष, आलेले असोत की यायचे असोत, ‘लाय’ हे क्रियापद आपले रूप बदलत नाही.

स्लोव्हाकिया हा जेमतेम ५४ लाख वस्तीचा देश, तर चीनची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. या दोन भाषांचा इतिहासात फारसा संबंध आलेला नाही आणि त्यांचे कूळही वेगळे. स्लोव्हाक इंडो-युरोपीय कुळातली असल्याने संस्कृत-मराठीची लांबची नातेवाईक लागते, चिनी चीन-तिबेटी कुळातली. तरीही भाषांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी गेली दोनशे वर्षे चिनीला एका टोकाला आणि स्लोव्हाकसारख्या प्रत्ययबहुल स्लाव भाषांना दुसऱ्या बाजूला ठेवले आहे. या तुलनेतून काय निष्पन्न झाले, कोणते दावे टिकले, कोणते सोडून द्यावे लागले आणि वाद कुठे शिल्लक आहेत, याचा हा आढावा. यात ‘चिनी’ म्हणजे बीजिंगच्या बोलीवर आधारलेली प्रमाण भाषा, ‘फूथोंगह्वा’, असे समजावे. जिथे अर्थ वेगळा आहे तिथे तसे म्हटले आहे.

शिडीची कल्पना

या तुलनेची मुळे जर्मनीत आहेत आणि त्यात संस्कृतचा मोठा वाटा आहे. फ्रीडरिश श्लेगेल यांनी १८०८ मध्ये भारतीयांच्या भाषेवर आणि प्रज्ञेवर ग्रंथ लिहिला. त्यात आतून रूप पालटणाऱ्या भाषा आणि बाहेरून काहीतरी चिकटवणाऱ्या भाषा असा भेद त्यांनी केला. १८१८ मध्ये त्यांचे बंधू आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांनी त्याचे तीन वर्ग केले. व्याकरणी रूपे नसलेल्या भाषांच्या वर्गात चिनी गेली, संस्कृत आणि तिची युरोपीय भावंडे वरच्या वर्गात. पुढे आउगुस्ट श्लायशर यांनी याच वर्गांना उत्क्रांतीच्या पायऱ्या मानले. भाषा आधी सुट्या शब्दांची असते, मग प्रत्यय चिकटतात, मग ते शब्दात विरघळतात, असा तो क्रम.

विल्हेल्म फॉन हम्बोल्ट यांची भूमिका अधिक सावध होती. पॅरिसमधील चिनीचे प्राध्यापक आबेल-रेम्युझा यांना लिहिलेले त्यांचे दीर्घ पत्र १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत-ग्रीकसारख्या भाषांना ते श्रेष्ठ मानत होतेच, पण चिनी ही अर्धवट राहिलेली भाषा नव्हे, तिने एक वेगळी वाट शेवटपर्यंत सुसंगतपणे चालवली आहे, हेही त्यांनी मान्य केले होते.

या शिडीतला विनोद त्या काळात कोणाला जाणवला नसावा. चिनीचा ‘श्वोवन च्येत्सु’ हा अक्षरकोश इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सम्राटाला सादर झाला होता. स्लोव्हाकचे प्रमाण रूप कोणते, हेच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठरत नव्हते. आंतोन बेर्नोलाक यांनी १७८७ मध्ये पश्चिमेकडच्या बोलीवर आधारलेले एक रूप मांडले. ल्युदोवित श्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४३ मध्ये ते बाजूला ठेवून मध्य स्लोव्हाकियाची बोली निवडली. म्हणजे तीन हजार वर्षांचे लेखन असलेली भाषा खालच्या पायरीवर, आणि जिचे शुद्धलेखन अजून घडत होते ती केवळ विभक्तीच्या बळावर वर.

शिडी मोडली

पहिला मोठा धक्का चिनीच्या अभ्यासातूनच आला. स्वीडनचे बर्नहार्ड कार्लग्रेन यांनी १९२० मध्ये असे मांडले, की प्राचीन चिनीत सर्वनामांना विभक्तीसारखी वेगवेगळी रूपे होती. म्हणजे चिनी ‘अजून पहिल्या पायरीवर’ नाही, तिने रूपे टाकून दिली आहेत. कार्लग्रेन यांचा तपशील पुढच्या अभ्यासकांनी बराच बदलला, पण दिशा टिकली. विल्यम बॅक्स्टर आणि लोरां सागार यांनी २०१४ मध्ये प्राचीन चिनीची जी पुनर्रचना मांडली, तिच्यात उपसर्ग आणि प्रत्यय भरपूर आहेत.

बाजारातले उदाहरण घेऊ. चिनीत ‘माय’ खालच्या, वळणाऱ्या सुरात म्हटले तर ‘विकत घेणे’, वरून झपकन खाली आणले तर ‘विकणे’. आज हा फरक निव्वळ सुराचा आहे. बॅक्स्टर–सागार यांच्या मते प्राचीन काळी ‘विकणे’ या शब्दाला शेवटी ‘स्’ हा प्रत्यय होता. तो गळाला आणि मागे उतरता सूर राहिला. व्यंजने गळून त्यांच्या जागी सूर उभे राहतात ही कल्पना आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये व्हिएतनामी भाषेबाबत मांडली होती. चिनीच्या बाबतीत तिची चौकट आज बहुतेकांना मान्य आहे. कोणत्या शब्दात कोणता प्रत्यय होता, यावर मात्र एकमत नाही.

एडवर्ड सपीर यांनी १९२१ मध्ये पायऱ्यांची भाषा पूर्णपणे नाकारली. त्यांच्या मते भाषा कप्प्यांत बसत नाहीत, कमी-अधिक प्रमाणात एखाद्या प्रकारच्या असतात. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६० मध्ये हे प्रमाण आकड्यांत आणले. एका शब्दात सरासरी किती अर्थपूर्ण घटक असतात हे त्यांनी आठ भाषांत मोजले. संस्कृतचा आकडा २.५९ आला, इंग्रजीचा १.६८ आणि चिनीसारख्याच घडणीच्या व्हिएतनामीचा १.०६. त्या आठांत ना चिनी होती ना स्लोव्हाक. पण हे निर्देशांक पुढे तपासण्यात स्लोव्हाक अभ्यासक आघाडीवर होते. ब्रातिस्लावातील व्हिक्टर क्रुपा आणि गाब्रिएल आल्टमान यांनी १९६०च्या दशकात या निर्देशांकांचा एकमेकांशी असलेला संबंध संख्याशास्त्राने तपासला. पोल्तार गावात जन्मलेले आल्टमान पुढे जर्मनीत बोखुमला गेले आणि संख्यात्मक भाषाशास्त्राचे एक अध्वर्यू ठरले.

प्रागच्या व्लादिमीर स्कालिच्का यांची मांडणी आणखी वेगळी. चिनी सुट्या शब्दांची भाषा नसून शब्दांना शब्द जोडून नवे घडवणारी आहे, म्हणून त्यांनी तिला त्या वेगळ्या प्रकारात टाकले. ‘ह्वो’ म्हणजे आग, ‘छ’ म्हणजे गाडी आणि ‘ह्वोछ’ म्हणजे आगगाडी. मराठी वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. स्लोव्हाकमध्ये रेल्वेगाडीला ‘व्लाक’ म्हणतात, त्यात ‘ओढणे’ या अर्थाचा धातू आहे. दोन नामे अशी सरळ शेजारी ठेवण्याची सवय स्लोव्हाकला कमी.

जवळून पाहताना

स्लोव्हाक नामाची घडण एका शब्दावरून पाहता येते. ‘मेस्तो’ म्हणजे शहर, ‘मेस्ता’ शहराचे, ‘मेस्तु’ शहराला, ‘व मेस्त्ये’ शहरात, ‘मेस्तोम’ शहराने. अनेकवचनात ‘शहरांचे’ म्हणायचे तर ‘मियेस्त’. इथे प्रत्यय नाहीच. शेवटचा स्वर गेला, आतला स्वर लांबून जोडस्वर झाला आणि तेवढ्यावर षष्ठीचे अनेकवचन सिद्ध झाले. सहा विभक्ती, दोन वचने, तीन लिंगे, शिवाय पुल्लिंगात सजीव-निर्जीव भेद. चिनीत शहराला ‘छंगश’ म्हणतात आणि वाक्यात कुठेही ठेवा, ते ‘छंगश’च राहते.

पण चिनीतही मोजायला सुरुवात केली की काम वाढते. ‘पाच शहरे’ म्हणताना आकडा आणि नाम यांच्यामध्ये एक मापशब्द लागतो. सामान्य मापशब्द ‘क’. मासा, नदी, रस्ता, विजार अशा लांबट वस्तूंना ‘थ्याओ’, कागद-टेबल-पलंग अशा पसरट वस्तूंना ‘चांग’, गुरुजनांना आदराने ‘वेइ’. मराठीतल्या ‘पाच जण’ आणि ‘पाच जणी’ यांतला ‘जण’ याच जातीचा, फक्त माणसांपुरता. स्लोव्हाकमध्ये मापशब्द नाहीत, पण आकडाच नामाला वाकवतो. चार बायका आल्या तर नाम प्रथमेत आणि क्रियापद अनेकवचनात. पाच आल्या की नाम षष्ठीत जाते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचन होते, जणू ‘पाच बायकांचे आले’. चारांचे पाच होताच सगळे वाक्य बदलते, आणि परक्या विद्यार्थ्याची इथे हमखास दांडी उडते. मेरी सँचेस आणि लिंडा स्लोबिन यांनी १९७३ मध्ये मांडलेले निरीक्षण असे, की मापशब्द सक्तीचे असलेल्या भाषांत अनेकवचनाचा प्रत्यय सहसा सक्तीचा नसतो. चिनी आणि स्लोव्हाक यांची जोडी त्यात चपखल बसते.

ध्वनींच्या बाबतीत दोघींची ओढ अगदी विरुद्ध दिशेला आहे. चिनीत शब्दावयव, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे, साधे आणि मोजके. सूर बाजूला ठेवले तर चारशेच्या आसपास, सूर धरून तेराशेच्या आसपास. स्लोव्हाक व्यंजनांची रास रचते. ‘श्त्वृत्य’ म्हणजे चतुर्थांश. हा एकच शब्दावयव आहे आणि त्यात स्वराची जागा ‘र’ने घेतली आहे. संस्कृत वर्णमालेतले ऋ, ॠ, ऌ इथे बोलीत जिवंत आहेत. लांडग्याला स्लोव्हाकमध्ये ‘व्ऌक’ म्हणतात, संस्कृतात तोच ‘वृक’. व्याकरणकारांनी केवळ जोडीसाठी मांडलेला दीर्घ ॡसुद्धा ‘स्तॡप’, म्हणजे खांब, या रोजच्या शब्दात ऐकू येतो.

चिनीत सुराने अर्थ बदलतो, स्लोव्हाकमध्ये स्वराच्या लांबीने. ‘सुद’ म्हणजे पिंप, ‘सूद’ म्हणजे न्यायालय. शिवाय दोन दीर्घ अवयव लागोपाठ येऊ नयेत असा ‘लयीचा नियम’ आहे. म्हणून ‘पेक्नी’चा शेवट दीर्घ, पण ‘क्रास्नि’चा ऱ्हस्व. दोन्ही विशेषणांचा अर्थ सुंदरच. हा नियम चेकमध्ये नाही.

अनपेक्षित जवळीक सापडते ती क्रियाव्याप्तीत. क्रिया पुरी झाली की चालू आहे, हा भेद दोन्ही भाषांत काळापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. स्लोव्हाकमध्ये ‘पीसत्य’ म्हणजे लिहीत असणे आणि ‘नापीसत्य’ म्हणजे लिहून पुरे करणे. चिनीत ‘ल’, ‘क्वो’, ‘च’ हे शब्दकण ते काम करतात. कार्लोटा स्मिथ यांच्या १९९१च्या ग्रंथात स्लाव भाषांपैकी रशियन आणि आशियातील चिनी एकाच चौकटीत अभ्यासल्या आहेत, आणि फरक तिथेच स्पष्ट होतो. चिनीत ‘काल पत्र लिहिले, पण पुरे झाले नाही’ असे ‘ल’ लावूनही म्हणता येते. स्लोव्हाकमध्ये ‘नापीसाल’ म्हटल्यावर पत्र पुरे झालेच पाहिजे. मग या दोन्हींना एकच पारिभाषिक नाव द्यावे का? काही अभ्यासक हो म्हणतात, काहींच्या मते ही फक्त वरवरची सारखी दिसणारी दोन वेगळी यंत्रे आहेत.

शब्द, नाम, क्रियापद : मोजपट्टीचाच प्रश्न

ग्रीनबर्ग यांच्याप्रमाणे एका शब्दातले घटक मोजायचे तर शब्द कुठे संपतो हे ठाऊक हवे. स्लोव्हाक लिखाणात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, चिनीत नसते. युएन रेन चाओ यांनी १९६८च्या आपल्या व्याकरणात दाखवून दिले, की सामान्य चिनी माणसाच्या मनातले भाषेचे एकक ‘त्सु’, म्हणजे एक अक्षर, एक शब्दावयव हे आहे. जॉन डीफ्रान्सिस यांनी १९८४ मध्ये ‘चिनी एकावयवी भाषा आहे’ हा समज खोडून काढताना आधुनिक शब्दसंग्रहातील दोन अक्षरी शब्दांकडे बोट दाखवले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि म्हणूनच निर्देशांकाचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो.

शब्दांच्या जातींचा वाद याहून जुना. मा च्येनचोंग यांचे १८९८चे पहिले आधुनिक चिनी व्याकरण लॅटिनच्या साच्यावर बेतलेले होते. १९५३ मध्ये गाओ मिंगखाय यांनी, चिनीत रूपे बदलत नसल्याने नाम-क्रियापद असे भेदच करता येत नाहीत, अशी टोकाची भूमिका घेतली आणि त्यावर चिनी नियतकालिकांतून दोन-तीन वर्षे चर्चा चालली. शब्द वाक्यात कुठे बसतो यावरून जात ठरवावी, हा पक्ष तेव्हा वरचढ ठरला. गेल्या दोन दशकांत शन च्याश्वेन यांनी चिनीत क्रियापद हा नामाचाच एक पोटवर्ग आहे असे मांडून तो वाद पुन्हा जागा केला आहे.

मराठीलाही हा अनुभव आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाची चौकट डोळ्यांसमोर ठेवली, तर अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये संस्कृतच्या विभक्ती मराठीला किती लागू पडतात हाच प्रश्न उभा केला. स्लोव्हाकला ही अडचण कमी भासली, कारण लॅटिन साचा तिच्या अंगाला बराच बसतो. चिनीच्या अभ्यासकांची तक्रार नेमकी हीच आहे. तुलनेतल्या दोनपैकी एकीच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसरीला घालायचा आणि मग तो ढगळ होतो म्हणायचे.

गुंतागुंत सारखी असते का?

या क्षेत्रातला आजचा सर्वांत तापलेला प्रश्न हा आहे. चार्ल्स हॉकेट यांनी १९५८च्या पाठ्यपुस्तकात म्हटले, की सर्व भाषांची एकूण व्याकरणी गुंतागुंत साधारण सारखीच असावी. एका भाषेत रूपांचा पसारा कमी असेल तर वाक्यरचनेचा जास्त. चिनी-स्लोव्हाक जोडी या मताला सोयीची आहे. स्लोव्हाकमध्ये विभक्ती आहेत म्हणून शब्दक्रम मोकळा, चिनीत नाहीत म्हणून तो बांधीव.

दुसऱ्या पक्षाला हा समतोल गृहीत धरणे मान्य नाही. जॉन मॅक्व्हॉर्टर यांनी २००७ मध्ये प्रमाण चिनीची गणना अशा भाषांत केली, ज्या इतिहासात प्रौढ परकीयांनी मोठ्या संख्येने शिकल्यामुळे सोप्या झाल्या. उत्तर चीनवर मंगोल-मांचू राज्यकर्त्यांच्या भाषांचा परिणाम झाला, असे हाशिमोतो मान्तारो यांनी त्याआधीच मांडले होते. दक्षिणेकडच्या कँटनीजमध्ये सूर जास्त, शब्दकण जास्त. ते राज्यकर्त्यांपासून लांब राहिल्याचे लक्षण, असे या पक्षाला वाटते.

तिसरा पक्ष म्हणतो, एकूण गुंतागुंत मोजताच येत नाही. गाय डॉइचर यांनी २००९ मध्ये हे परखडपणे मांडले. मापशब्दांचे किती गुण आणि षष्ठीच्या ‘मियेस्त’चे किती, हे कोण ठरवणार? या लेखकाला वजन या तिसऱ्या बाजूला जास्त वाटते. निदान एकेका अंगाची तुलना करता येते, बेरीज मात्र करता येत नाही.

बेरजेऐवजी वेग मोजण्याचा एक प्रयत्न लक्षणीय ठरला. क्रिस्तोफ कूपे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सतरा भाषांत बोलण्याचा वेग आणि प्रत्येक शब्दावयवातली माहिती मोजली. चिनी हळू बोलली जाते पण अवयव माहितीने भरलेले असतात, जपानी भराभर बोलली जाते पण अवयव हलके. गुणाकार मात्र सगळ्यांचा सेकंदाला सुमारे ३९ बिट्सच्या आसपास येतो. त्या सतरांत स्लाव गटातून फक्त सर्बियन होती. स्लोव्हाकची मोजणी त्यात नाही.

समाजाचा आकार आणि व्याकरण यांचा संबंध लावणाराही एक प्रवाह आहे. पीटर ट्रडगिल यांच्या मते लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजात अवघड रूपे टिकतात. गॅरी लुप्यान आणि रिक डेल यांनी २०१० मध्ये दोन हजारांहून अधिक भाषांच्या आधारे हाच कल दाखवला. मोठ्या चिनीत रूपे कमी, छोट्या स्लोव्हाकमध्ये जास्त, म्हणजे जोडी पुन्हा नमुनेदार. पण २०२३ मध्ये ओलेना श्चेरबाकोवा आणि सहकाऱ्यांनी १,३१४ भाषा तपासल्या. कूळ आणि शेजार यांचा परिणाम वजा केल्यावर परक्यांचा भरणा असलेल्या समाजांची व्याकरणे सोपी असतात, याला त्यांना आधार मिळाला नाही. शिवाय रशियनचे भाषक कोट्यवधी असूनही तिच्या विभक्ती शाबूत आहेत, तर बल्गेरियनने नामाच्या विभक्ती जवळजवळ सगळ्या सोडल्या. हा वाद अजून मिटलेला नाही.

एक भाषा की अनेक?

चिनी आणि स्लोव्हाक शेजारी ठेवल्यावर सर्वांत बोलका विरोधाभास व्याकरणात नाही, नावात दिसतो. बीजिंगचा माणूस आणि कँटनीज बोलणारा माणूस आपापल्या बोलीत बोलले तर एकमेकांना समजत नाहीत, तरी चीनमध्ये दोन्हींना एकाच भाषेच्या ‘फांगयान’, म्हणजे प्रांतिक बोली, म्हणतात. ब्रातिस्लावा आणि प्रागचे लोक आपापल्या भाषेत बोलूनही एकमेकांना सहज समजतात, तरी स्लोव्हाक आणि चेक या दोन भाषा.

स्लोव्हाकला हे स्थान सहज मिळाले नाही. १९२०च्या कायद्याने चेकोस्लोव्हाकियाची राज्यभाषा ‘चेकोस्लोव्हाक’ ठरली. कागदावर एक भाषा, तिची दोन रूपे. १ जानेवारी १९९३ रोजी देश वेगळे झाले आणि २००४ मध्ये स्लोव्हाक युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली. तरी चेक प्रजासत्ताकाच्या प्रशासकीय कायद्यानुसार तिथल्या कार्यालयांत आजही स्लोव्हाकमध्ये अर्ज करता येतो.

चीनमध्ये उलट दिशेने काम झाले. १९५६ मध्ये फूथोंगह्वाच्या प्रसाराचा आदेश निघाला, ११ फेब्रुवारी १९५८ रोजी रोमन लिपीतील ‘पिनयिन’ मंजूर झाले. २०२० मध्ये देशातील ८०.७२ टक्के लोकांना फूथोंगह्वा येते असे सरकारी आकडेवारीत म्हटले आहे. व्हिक्टर मेअर यांनी १९९१ मध्ये ‘फांगयान’ला बोली न म्हणता तटस्थ नवा शब्द वापरावा असे सुचवले. चिनी अभ्यासकांपैकी अनेकांचे म्हणणे असे, की समान लिपी, समान वाङ्मय आणि समान जाणीव यांनाही भाषेच्या व्याख्येत जागा आहे.

परस्पर आकलन मोजता येते, आणि ते मोजले गेलेही आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी एकाच धाटणीच्या चाचण्या दोन्हीकडे घेतल्या. छाओज्यू थांग आणि व्हिन्सेंट फान ह्योव्हेन यांनी २००९ मध्ये पंधरा चिनी बोलींवर, शार्लोटे गोस्केन्स यांच्या गटाने युरोपीय भाषांवर. स्लाव भाषांत चेक-स्लोव्हाक जोडीचे आकलन सर्वाधिक आढळले. दक्षिणेच्या चिनी बोलींचे परस्पर आकलन खूप कमी निघाले. म्हणजे आकड्यांबाबत वाद नाही. त्या आकड्यांवरून नाव ठरवावे की नाही, हा वाद आहे. मराठी-कोकणीच्या चर्चेत १९७५ मध्ये साहित्य अकादमीने आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात दुरुस्ती करून संसदेने कोकणीला स्वतंत्र भाषा मानण्याचे जे निर्णय घेतले, तेही केवळ आकलनाच्या टक्केवारीवर घेतलेले नव्हते.

वाचणे आणि शिकणे

स्लोव्हाक लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे. तिच्या ४६ अक्षरांत जवळजवळ प्रत्येक ध्वनीची सोय आहे. एक खोच मात्र आहे. ‘इ’साठी दोन अक्षरे आहेत आणि दोन्हींचा उच्चार आज सारखाच. श्तूर यांनी त्यातले एक काढून टाकले होते, १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला मार्तिन हात्ताला यांच्या सुधारणेने ते परत आणले. तेव्हापासून स्लोव्हाक मुले ते अक्षर कोणत्या शब्दांत येते याची यादी पाठ करत आली आहेत. आपल्याकडच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या धड्यांची आठवण व्हावी असाच तो प्रकार. चिनी मुलांचा भार वेगळ्याच मापाचा. २०१३च्या सरकारी यादीत ८,१०५ अक्षरे आहेत, त्यांपैकी ३,५०० नेहमीच्या वापराची.

मार्केटा काराव्होलास आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंग्रजी, स्पॅनिश, चेक आणि स्लोव्हाक मुलांचा वाचनविकास तपासला. चारही भाषांत अक्षरओळख, ध्वनींची जाण आणि वस्तूंची नावे झटपट सांगण्याचा वेग याच गोष्टी पुढचे यश सुचवत होत्या. चिनीत मात्र शब्दाचे अर्थपूर्ण तुकडे ओळखण्याची जाण अधिक मोलाची असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. वाचनदोष असलेल्या चिनी मुलांच्या मेंदूतला बिघाडही वेगळ्या जागी असतो, असा दावा २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये चिनी आणि इंग्रजी मुलांची थेट तुलना करणाऱ्या अभ्यासाला बिघाड बराचसा सारखाच आढळला.

अवघड कोणती, या लोकप्रिय प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था देते. इंग्रजी भाषकाला स्लोव्हाकसाठी ४४ आठवडे, चिनीसाठी ८८. हिंदीही ४४ आठवड्यांच्या गटात. हे आकडे भाषेच्या काठिण्याचे नसून इंग्रजीपासूनच्या अंतराचे आहेत, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मराठी माणसाचे अंतर वेगळे निघेल. लिंगे, विभक्ती आणि ‘आला-आली’ यांची सवय असल्याने स्लोव्हाक व्याकरणाचे अर्धे धक्के त्याला बसणार नाहीत. चिनीत ‘मी काल वाचलेले पुस्तक’ याचा क्रम मराठीसारखाच असतो आणि प-फ, त-थ हा भेदही त्याच्या कानाला लागलेला असतो. १९३८ मध्ये चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे चिनी शिकले आणि ती भाषा आपल्या कामात वापरू लागले.

विचारावर परिणाम

भाषेमुळे विचार बदलतो का, या प्रश्नाभोवती गाजावाजा जास्त आणि पुरावा कमी आहे. अल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ मध्ये म्हटले, की चिनीत ‘असते तर झाले असते’ यासाठी खास रूप नसल्याने चिनी भाषकांना अशा कल्पना जड जातात. टेरी औ यांनी १९८३ मध्ये चिनी मजकूर नीट लिहून घेतला, तर अडचण नाहीशी झाली. कीथ चेन यांनी २०१३ मध्ये भविष्यकाळ सक्तीचा नसलेल्या भाषांचे लोक बचत जास्त करतात असे मांडले, त्यात चिनी होती. २०१५ मध्ये स्वतः चेन यांच्यासह केलेल्या फेरतपासणीत भाषांचे नाते लक्षात घेतल्यावर तो संबंध क्षीण झाला. स्लोव्हाकमध्ये ‘नापीशेम’ रूपाने वर्तमान आणि अर्थाने भविष्य, म्हणजे ‘लिहून टाकीन’. अशा भाषेला कोणत्या रकान्यात घालायचे, हाही प्रश्न उरतोच.

नावांचा व्यवहार

या दोन भाषांची रोजची गाठ आज पडते ती बातम्यांत आणि अनुवादात. ब्रातिस्लावाच्या मारिना चार्नोगुर्स्का यांनी चिनी अभिजात कादंबरी ‘लाल महालातील स्वप्न’ स्लोव्हाकमध्ये चार खंडांत आणली. ते खंड २००१ ते २००३ या काळात निघाले. अशा प्रत्येक पानावर नावांचा प्रश्न येतो. ब्रातिस्लावा चिनीत ‘पुलातिसलाफा’ होते. व्यंजनांची जोडी फोडायची म्हणजे चारांचे सहा शब्दावयव होतात आणि त्यासाठी सहा अक्षरे लिहावी लागतात. उलट दिशेला स्लोव्हाकमध्ये महाप्राण व्यंजने नाहीत, म्हणून चिनी राष्ट्राध्यक्षांच्या नावाच्या शेवटच्या ‘फिंग’मधला ‘फ’ दाखवायला ‘प’ला ‘ख’सारखे एक अक्षर जोडण्याची जुनी पद्धत आहे. स्लोव्हाक वृत्तपत्रे हे नाव याच पद्धतीने छापतात, विद्यापीठीय लेखनात पिनयिन अधिक दिसते. आणि कोणतीही पद्धत घेतली तरी नावाला विभक्ती लागतेच. राष्ट्राध्यक्षांशी चर्चा झाली तर ‘फिंगोम’, त्यांचे भाषण असेल तर ‘फिंगा’. चिनी स्त्रियांच्या आडनावांना स्लोव्हाक रिवाजाप्रमाणे ‘ओव्हा’ लावावे की नाही, यावर संपादक आजही वेगवेगळे निर्णय घेतात.